परक्या कोर्टवर हात का आखडतो?

प्रिय ताई,
मी मूळची पुण्याची. ओहायोतल्या एका लहान कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड खेळते. आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, त्यामुळे खेळाची स्कॉलरशिप नाही, प्रवास बसनं. अडचण अशी की आमच्या कॉलेजच्या, म्हणजे घरच्या कोर्टवर मी वेगळीच असते. तीन पॉइंटचे शॉट घरी 9 सामन्यांत 36 पैकी 14 पडले. बाहेर 7 सामन्यांत 21 पैकी फक्त 4. लोक ओरडायला लागले की माझा हात आखडतो. बॉलही घरी एखाद-दोनदाच हातातून जातो, बाहेर चार-चार वेळा. दोनदा पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल होऊन बेंचवर बसले. आमची टीमही बाहेर हरतेच. पुढच्या तीन आठवड्यांत पाच सामने बाहेर आहेत आणि कोच म्हणतात, बाहेर तुला सुरुवातीच्या पाचात घ्यायचं की नाही ते बघू. संध्याकाळी सातचा सामना बाबा पुण्यात पहाटे साडेपाचला उठून बघतात आणि नंतर मेसेज येतो, "घरी इतकी छान खेळतेस, बाहेर काय होतं गं?" मला उत्तर देता येत नाही. माझ्यात हिंमतच कमी आहे का?
– हात आखडलेली, ओहायो

प्रिय मुली,

आधी तुझे आकडे घेऊ, कारण त्यांच्यावरून तू स्वतःला नावं ठेवली आहेस आणि ते मला अजिबात पटलेलं नाही. घरी 36 पैकी 14. त्याच हिशेबानं बाहेर 21 पैकी 8 पडायला हवे होते, पडले 4. म्हणजे फरक चार बॉलचा. सात सामन्यांत चार बॉल! रिंगच्या कडेवर फिरून बाहेर आलेले तेवढे चार आत पडले असते तर हे पत्र तू लिहिलंच नसतंस. एवढ्याशा आकड्यावरून कुणाच्या काळजाचं माप काढू नये.

मला खटकलं ते दुसरंच. घरी तू सामन्यागणिक चार शॉट घेतेस, बाहेर तीन. आणि बॉल हातातून जाण्याचं तू जाता जाता लिहिलंस, पण खरं दुखणं तिथे आहे. शॉट चुकला तर निदान रिबाउंड आपल्याला मिळण्याची आशा असते. बॉलच गेला की ती चढाई संपली, वर समोरच्यांना मोकळा ले-अप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, आणि त्यांच्या प्रेक्षकांना उठून उभं राहायला कारण. तुला ज्या आवाजाची भीती वाटते, त्यातला बराचसा आवाज तूच त्यांच्या हातात देते आहेस. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाहीये. हे तुझ्या हातात आहे आणि लवकर सुधारण्यासारखं आहे, म्हणून आधी सांगतेय.

घरच्या कोर्टचा फायदा हा मनाचा खेळ आहे असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. फायदा आहे, सगळ्यांना आहे, आणि मोठमोठ्या टीमनाही बाहेर जड जातं. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम निवडताना हे उघड धरलं जातं. मुलांच्या स्पर्धेसाठी 2018-19 पासून वापरात असलेल्या नेट नावाच्या क्रमवारीत परक्या कोर्टवर 75 व्या क्रमांकापर्यंतच्या टीमला हरवलं तरी तो पहिल्या प्रतीचा विजय मोजतात. तोच मान घरच्या कोर्टवर हवा असेल तर समोरची टीम पहिल्या 30 मधली लागते. त्याआधीच्या पद्धतीत काही वर्षं बाहेरचा विजय 1.4 आणि घरचा 0.6 असा धरायचे. म्हणजे बाहेर जिंकणं अवघड असतं हे त्या खेळाच्या कारभाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. तू एकटीनं ते स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस.

पण हा फायदा केवढा असतो? कॉलेजच्या पातळीवर साधारण तीन-चार पॉइंट. एका सामन्यात दोन्हीकडे 70 च्या आसपास वेळा बॉल येतो, आणि त्या सगळ्यातून घरच्या टीमला जे जास्तीचं मिळतं ते एवढंच. एक तीन पॉइंटचा शॉट, किंवा दोन ले-अप. तू बाहेर चार वेळा बॉल घालवतेस, त्यातले दोन वाचवलेस तर तुझ्या एकटीच्या वाट्यानं त्यातला बराचसा भाग भरून निघतो. बसमधून उतरताना डोक्यात एवढाच हिशेब असू दे. संपूर्ण हॉल जिंकायचा नाहीये. दोन बॉल वाचवायचे आहेत.

आता आवाजाबद्दल. ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन इनडोअर 1940 सालचं आहे, जेमतेम 9,314 माणसं मावतात. पण विद्यार्थी कोर्टला अगदी खेटून उभे असतात. बाहेरून बॉल आत टाकायला पाहुणा खेळाडू रेषेवर उभा राहिला की त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर रंगवलेले चेहरे आणि हलणारी बोटं. कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउसमध्ये फेब्रुवारी 2017 मध्ये 130.4 डेसिबल आवाज मोजला गेला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. तुमच्या लहान जिममध्ये तीन-चारशे माणसं असतील, पण छत खाली आणि पाट्या लाकडी, तेव्हा कानाला ते काही कमी वाटत नाही, हे मी जाणते.

तरी आवाज नेमकं काय करतो ते नीट बघ. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2013 मध्ये एक पडदा आणला. पाहुणा खेळाडू फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला, उभा राहिला की बास्केटच्या मागे पडदा उघडायचा आणि आत काहीतरी विचित्र सोंग नाचत असायचं. जानेवारी 2016 मध्ये त्या पडद्याआडून साक्षात मायकल फेल्प्स निघाला, पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात ऑलिंपिकची पदकं, आणि ओरेगॉन स्टेटच्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो चुकले. लोकांना तो प्रसंग आठवतो. त्याच पडद्यासमोर शांतपणे पडलेले शेकडो फ्री थ्रो कुणाच्या लक्षात राहत नाहीत. फ्री थ्रो ही एकच जागा आहे जिथे तुझ्यात आणि रिंगमध्ये कुणी येऊ शकत नाही. रिंग 10 फूट उंच, रेषा बोर्डापासून 15 फुटांवर, सगळीकडे. आणि पंचांनी बॉल हातात दिल्यापासून तुला 10 सेकंद असतात. तुम्ही मुली घाबरलात की ते तीन सेकंदांत उरकता. घरी जितके ठोके मारतेस तितकेच मार, श्वास सोड, मग टाक. बाहेर एक ठोका कमी नाही की जास्त नाही.

आवाज खरं नुकसान करतो तो बोलण्याचं. तुझी सेंटर "स्क्रीन डावीकडून!" म्हणून ओरडते (स्क्रीन म्हणजे समोरचीची वाट अडवून उभं राहणं) आणि तुला ऐकू येत नाही. तू अर्धा क्षण थांबतेस, पास उशिरा सुटतो, आणि जातो. तुझे चार बॉल असेच गेले असणार, कोचकडून व्हिडिओ घेऊन तपास. यावर उपाय आवाज न ऐकण्याचा नाही, तोंडावर अवलंबून न राहण्याचा आहे. तुमच्या नेहमीच्या चार-पाच चालींना हाताच्या खुणा ठरवा. सरावात स्पीकरवर गर्दीचा गोंगाट मोठ्यानं लावा आणि दहा मिनिटं एकही शब्द न बोलता खेळा. दबाव आला की हवेत उडी मारून पास शोधू नकोस, दोन्ही पायांवर थांब. बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर, आणि समोरचं पिवळं-निळं माणसांचं भिंताड सोडून आपल्या जर्सीचा रंग शोध.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते. कॉलेजात असताना आम्ही मुंबईत नागपाड्याला खेळायला जायचो. तिथल्या लोकांच्या रक्तातच बास्केटबॉल आहे, आणि बघणारे रेषेला खेटून उभे राहायचे. पहिल्याच मिनिटाला मी ड्रिबल करताना बॉल स्वतःच्याच पायावर आपटला आणि तो बाहेर गेला. असा हल्ला झाला ओरडण्याचा की माझे कान तापले. पुढची दोन मिनिटं मी बॉल मागितलाच नाही, कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. आमची कॅप्टन धावता धावता माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दोन्ही हातांनी धर आणि माझ्याकडे बघ. त्यांच्याकडे कशाला बघतेस, त्यांना पास द्यायचाय का?" पुढचा पास मी तिला दिला, साधा, छातीपासून छातीकडे. त्यानं पॉइंट झाला नाही, काहीच झालं नाही. पण माझे हात पुन्हा माझे झाले. सामना आम्ही हरलो. मी मात्र त्यानंतर कोपऱ्यात जाऊन उभी राहिले नाही. तू बाहेर चारऐवजी तीनच शॉट घेतेस, त्यात मला तीच कोपऱ्यातली मी दिसली.

फाउलचं आता. हे जरा कडू आहे. 2004-05 च्या हंगामातल्या 365 कॉलेज सामन्यांचा अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की पाहुण्या टीमवर शिट्टी जास्त वाजते. आणखीही एक दिसलं: एका बाजूचे फाउल बरेच जास्त झाले की पुढची शिट्टी दुसऱ्या बाजूवर वाजण्याची शक्यता वाढते. पंच मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. चारशे माणसं एकदम "फाउल!" म्हणून ओरडली की माणसाचा हात शिट्टीकडे जातो. तेव्हा परक्या कोर्टवर पहिल्या क्वार्टरमध्ये बॉलवर हात मारायचा मोह सोड. पाय हलव, छाती समोर ठेव, हात वर. जो फाउल घरी कदाचित दिसला नसता तो इथे दिसणारच असं धरूनच खेळ. आणि शिट्टी वाजली की पंचांकडे बघून हात पसरू नकोस, बॉल त्यांच्या हातात दे आणि मागे फिर. सामना लांबतो तसा हिशेब थोडा सरळ होतो, पण तू तेव्हा कोर्टवर असायला हवीस, बेंचवर नाही.

एक गोष्ट बऱ्याच खेळाडूंच्या ध्यानातच येत नाही. हंगामातल्या सामन्यात बॉल घरच्या टीमचा असतो. कंपनी त्यांनी निवडलेली. कुणाचा विल्सन, कुणाचा नाइकी, कुणाचा स्पाल्डिंग, आणि प्रत्येकाची खाच, चिकटपणा, उसळी वेगळी. तू आठवडाभर एका बॉलनं सराव करतेस आणि शनिवारी दुसऱ्याच बॉलनं शॉट मारतेस. बोटांना ते कळतं, तुला कळत नाही, आणि तू म्हणतेस हात आखडला! पुढच्या पाच ठिकाणी कुठला बॉल आहे ते कोचना विचारून घे. असिस्टंट कोचना बहुतेक माहीत असतं. तसा एखादा बॉल मिळाला तर आदल्या दोन-तीन दिवशी त्यानंच शंभर शॉट मार. तसंच बोर्डामागचं दृश्य. तुमच्या जिममध्ये बोर्डामागे लगेच भिंत असेल तर डोळ्याला अंतराची सवय त्या भिंतीवरून झालेली असते. दुसरीकडे मागे पायऱ्या किंवा मोकळी जागा असली की रिंग लांब वाटते. पोचल्यावर लगेच तीन पॉइंटच्या रेषेवर धावू नकोस. रिंगखालून सुरुवात कर, एकेक पाऊल मागे सर, आणि पाच जागांवरून नुसतं उभं राहून रिंगकडे बघ.

आता एक जुना सामना, कारण बाहेर हरण्याची वेळ कशी येते ते त्यात स्वच्छ दिसतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाची मुलांची टीम सलग 88 सामने जिंकलेली. 19 जानेवारी 1974 ला ते इंडियानातल्या साउथ बेंडला नोत्र दाम विद्यापीठाच्या कोर्टवर गेले. साडेतीन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरला होता आणि ते 11 पॉइंटनी पुढे होते. त्यानंतर त्यांना एकही पॉइंट करता आला नाही. नोत्र दामनं सलग 12 केले, 29 सेकंद उरले असताना ड्वाइट क्लेनं कोपऱ्यातून शॉट मारला, आणि 71-70 नं सामना गेला. जॉन वुडन कोच, बिल वॉल्टन सेंटर, असली टीम. तीन वर्षांपूर्वी, त्या 88 विजयांआधीचा त्यांचा शेवटचा पराभवही नेमका याच हॉलमधला. मग एका आठवड्यानं नोत्र दामची टीम लॉस एंजेलिसला आली आणि यूसीएलएनं 94-75 असा विजय मिळवला. सात दिवसांत कुणाची हिंमत वाढली नव्हती की कमी झाली नव्हती. कोर्ट बदललं होतं.

उलटंही घडतं. साउथ कॅरोलायनाच्या मुलींच्या टीमला देशात सगळ्यात जास्त प्रेक्षक लाभतात आणि त्या घरी सलग 71 सामने जिंकल्या होत्या. 16 फेब्रुवारी 2025 ला यूकॉनच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या, मुली तिथे गेल्या आणि 87-58 नं जिंकल्या. तो हॉल कुणी गप्प बसवला नाही. बास्केट पडत गेले, बॉल वाचत गेला, आणि लोक आपोआप खाली बसले. तू पहिल्या मिनिटाला तीन पॉइंटचा शॉट मारून त्यांची तोंडं बंद करायला जातेस का, हे स्वतःला विचार. मला वाटतं जातेस. तुझा बाहेरचा पहिला पॉइंट फ्री थ्रोवर किंवा ले-अपवर यावा, रिबाउंड मिळवून यावा. या खेळातली जुनी माणसं म्हणतात की डिफेन्स प्रवासाला बरोबर येतो, शॉटचं सांगता येत नाही. पाय घरी जसे हलतात तसेच बाहेर हलतात, त्यांना रिंग दिसत नाही. म्हणून पहिली पाच मिनिटं तुझं काम डिफेन्स आणि रिबाउंड एवढंच धर. मोकळा शॉट आला तर मात्र मारायचाच, मोजायचा नाही. मोकळा शॉट सोडून देणं हे माझ्या लेखी चुकण्यापेक्षा वाईट.

कोचशी बोलायला आजच जा. "मला सुरुवातीला घ्या" असं म्हणू नकोस. म्हण, "बाहेर माझे बॉल जातात, त्यावर मी काय करतेय ते तुम्हाला दाखवते." मग खुणांचं आणि बॉलचं सांग. बेंचवरून आत यावं लागलं तरी मनाला लावून घेऊ नकोस. चार मिनिटं बसून सामन्याचा वेग बघून आत जाणं नवख्या कोर्टवर कित्येक गार्डना मानवतं.

अजून एक, तू लिहिलं नाहीस पण मी विचारणार. गर्दीतून तुझ्या नावावरून, रंगावरून, तू कुठून आलीस त्यावरून कुणी काही बोलतं का? शॉट रिंगलाही न लागता गेला की "एअर बॉल" म्हणून ओरडणं हा खेळाचा भाग आहे, तो ऐकून घ्यायचा. पण वंशावरून, देशावरून बोललेलं ऐकून घ्यायचं नाही. त्याच टाइमआउटला कोचना सांगायचं. प्रेक्षकांना आवर घालणं यजमान कॉलेजचं काम आहे, पंच त्यांना तसं सांगू शकतात आणि अशा माणसाला बाहेर काढता येतं. ते गिळून खेळण्यात कसलीही बहादुरी नाही. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी इन्स्टाग्राम खासगी करून ठेव. विद्यार्थी तिथूनच नावं-गावं शोधून फलक रंगवतात.

राहता राहिले बाबा. पहाटे साडेपाचला उठून, चहा घेऊन, मुलगी दुसऱ्या गोलार्धात धावताना बघणारा बाप आहे तो. त्यांचा प्रश्न तुला टोचतो कारण तो तुझाच प्रश्न आहे. त्यांचीही एक अडचण समजून घे. बाहेरच्या सामन्याचं प्रक्षेपण यजमान कॉलेजचं असतं, बोलणारी मुलं त्यांची, तुझं नाव धड उच्चारता येत नाही, आणि कॅमेरा बॉलच्या मागे. तू स्क्रीन लावलीस, कुणाचा तरी पास बोटांनी अडवलास, हे त्यांना दिसतच नाही. दिसतो तो चुकलेला शॉट. त्यांना आजच फोन कर आणि काम दे. वही घेऊन बसायला सांग. पॉइंट लिहायचे नाहीत. किती वेळा बॉल हातातून गेला, समोरच्यांच्या किती पासना तुझं बोट लागलं, आणि किती रिबाउंडला तू हात घातलास, मिळो न मिळो, एवढंच. सामना झाला की त्यांनी तेवढे तीन आकडे पाठवावेत, दुसरं काही नाही. पाच सामन्यांनंतर ती वही आणि तुझ्याकडचे व्हिडिओ समोरासमोर ठेवा.

पहिला सामना कुठल्या वारी आहे आणि कुठे दिसतो ते मला कळव. इंडियानात तेव्हा संध्याकाळचे सातच वाजलेले असतात, मीही बघेन.

तुझी,
ताई